नॅनोचं वाण

आधी एक सांगून ठेवते. मला नॅनोबद्दल काहीही विचारू नका. सांगून सांगून मला त्या शब्दाचा इतका वैताग आलाय की दुकानदाराने सिमकार्डाला 'नॅनो' म्हटलं तरी डोक्यात तिडीक जाते.

हे लिहितेय ते ज्यांना करोना होऊन गेलाय किंवा आत्ता झालाय त्यांच्यासाठी. आणि ज्यांच्या घरात कुणीतरी लस घ्यायला तयार नाही, आणि तुमचा जीव मेटाकुटीला आलाय, त्यांच्यासाठी तर नक्कीच. औषधांची नावं, स्कॅनमधले आकडे माझ्याकडून मिळणार नाहीत. ते डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे आहे तो नुसता मनस्ताप, तो घ्या.

मी अनघा, मूळची नाशिकची. कतारला, दोह्यात अल मुंतझाला आमचा फ्लॅट आहे. नवरा शिरीष गॅस कंपनीत, मुलगी ईरा सहावीत. सासरे गेल्यावर शिरीषने आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, इकडे आणलं आणि रीतसर रेसिडन्सी करून घेतली. त्या सत्तरीच्या पुढच्या. शुगर आहे, थंडीत दमही लागतो. स्वभाव म्हणाल तर शांत. म्हणजे चिडत नाहीत, पण हलतही नाहीत.

मी क्वालिटी इंजिनिअर आहे, कोटिंगचं काम करणाऱ्या कंपनीत. तेव्हा फुटबॉलचा वर्ल्ड कप पुढच्या वर्षी होता, त्यामुळे लुसैलकडच्या स्टेडियमच्या साइटवर आमची नुसती धावपळ चालली होती. जगभरातून माणसं येणार, कठड्यांना, खुर्च्यांना हात लावणार, म्हणून त्यावर विषाणू निकामी करणारा लेप द्यायचा होता. चांदीचे अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो, कण असलेला फवारा. कठड्यावर विषाणू येऊन बसला तर तो त्या लेपामुळे काही वेळाने मरतो. कठड्यावर बसला तर. समोरचा माणूस तोंडावर खोकला तर चांदी काय, हिऱ्याचा लेप दिलात तरी काय डोंबल होणार? हे मी घसा कोरडा करून सांगत आलेय. पण लोकांना नावातला पहिलाच शब्द ऐकू येतो. नॅनो म्हटलं की झालं, करोना खलास.

फोटो

२०२१ च्या जानेवारीत आईंना लसीचा मेसेज आला. वयस्कर माणसांना आधी देत होते. मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच. इतकी नवी लस, इतक्या लवकर, आणि तीही घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाला! शिरीष कामावरून आल्यावर आम्ही आईंना सांगितलं.

आई म्हणाल्या, "नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. बातम्यांत सांगत होते, त्यात नॅनो कण असतात."

"हो, असतात. मग?"

आईंनी ईराचा टॅब मागितला. त्यावर माझा साइटवरचा फोटो होता. फवारणी करताना आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालतो, दुहेरी हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, आणि तोंडाला दोन बाजूंना डबे असलेला मास्क. ईराला तो फोटो फार आवडतो, 'ॲस्ट्रोनॉट आई' म्हणते.

आईंनी फोटोवर बोट ठेवलं. "हे नॅनो मारताना तू अंगाला वारासुद्धा लागू देत नाहीस. आणि तेच मी दंडात टोचून घेऊ?"

मी कपाळावर हात मारला. शिरीष हसला, त्यामुळे मी जास्तच भडकले. पण खरं सांगू का? तर्क पक्का होता बाईंचा. मी सुरू केलं, की आई, ते कण वेगळे, हे वेगळे, तिकडे फवारा श्वासातून जायला नको म्हणून मास्क. पाचव्या वाक्याला आई उठून देवापाशी दिवा लावायला गेल्या. अपॉइंटमेंटचा दिवस आला आणि गेला.

माधवीचं हळदीकुंकू

माधवी माझी जुनी मैत्रीण. अल मन्सूरात राहते, संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी दणक्यात करते. त्या वर्षी मी म्हटलं, "अगं, यंदा राहू दे ना." तर म्हणे, "अगं, एका वेळी पाचच जणी. येतील तशा जातील. आणि वाण काय आहे ऐक तरी!"

वाण होतं नॅनो स्प्रेची बाटली. छोटीशी, पर्समध्ये मावेल अशी, गळ्याला लाल रिबन. कुठल्याशा दुकानातून घाऊक आणल्या होत्या. वर "तुझ्या ऑफिसमध्ये वापरता तोच ना गं?" असं विचारलं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, यात चांदी आहे की नुसतं अत्तर." तिने ते कानाआड केलं.

आणखी एक गोष्ट होती, ती मला जास्त लागली. बोलावणं मला होतं, आईंना नव्हतं. सासरे नाहीत ना, म्हणून. मी फोनवरच तिला झापलं. "माधवी, तू बँकेत काम करतेस, गाडी चालवतेस, कतारमध्ये राहतेस, आणि माझ्या सासूला कुंकवाला बोलवत नाहीस?"

"अगं, मला काही नाही गं वाटत. पण बाकीच्या जणींचं काय? रीत आहे ना."

मी जाणारच नव्हते. आईच म्हणाल्या, "जा तू. उगाच मैत्रीण तोडू नकोस." त्यांनीच माझ्या साडीच्या निऱ्या नीट केल्या. त्या खाली वाकलेल्या असताना मला माधवीचा असा राग आला की काय सांगू.

पाचच जणी म्हणाली होती. मी पोहोचले तेव्हा निदान दहा होत्या, कारण आलेली एकही जात नव्हती. बाहेर धुळीचा वारा, माधवीचे सोफे पांढरेशुभ्र, त्यामुळे खिडक्या गच्च बंद. दारात प्रत्येकीच्या हातावर नॅनोचा फवारा. दाराच्या मुठीवर, चहाच्या ट्रेवर, तिळगुळाच्या डब्यावरसुद्धा फवारा. सगळ्या कशा निर्धास्त! मग सुरू झाले उखाणे. माधवीची वहिनी मोबाइलवर शूटिंग करत होती. पहिलीने मास्कमधून नाव घेतलं तर ओरडा झाला, "काही कळत नाहीये! तोंड दिसू दे की!" आणि मग काय, एकेक बाई मास्क हनुवटीवर ओढून, घसा खाकरून, मोठ्याने नवऱ्याचं नाव घेते आहे आणि बाकीच्या हसतायत, टाळ्या पिटतायत.

माझी पाळी आली. नाही म्हटलं तर कोण सोडतंय? मीही मास्क खाली केला.

"खुर्चीला, दांडीला नॅनोचा थर, शिरीषरावांच्या नावाने सुरक्षित घर!"

जाम हशा झाला. तो व्हिडिओ अजून आहे माधवीकडे. मी तिला शंभरदा सांगितलंय, काढून टाक म्हणून.

घरी आले तर आई जाग्याच होत्या. "वाण काय दिलं?" मी बाटली दाखवली. त्यांनी उलटीपालटी करून बघितली, रिबनवर बोट फिरवलं. "आमच्या वेळी गाळणी द्यायच्या, फार तर वाटी," म्हणाल्या. "आता मला कुठलं वाण." आणि बाटली फ्रिजवर ठेवून झोपायला गेल्या. एवढंच बोलल्या. पण ते माझ्या मनात टोचत राहिलं.

तो दिवस

हळदीकुंकवानंतर काही दिवसांनी अंग मोडून आलं. मग ताप. मग कॉफीला वासच येईना. रिपोर्टची वाट बघायची गरज नव्हती, तरी फोन आला, पॉझिटिव्ह. 'पॉझिटिव्ह' हा शब्द मी रोज ऑफिसात चांगल्या अर्थाने वापरत होते.

पहिला विचार माझ्याबद्दल आला नाही. आई. मी त्यांच्याबरोबर बसून आमटी-भात खाल्ला होता. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि आतून ओरडायला लागले. शिरीष, आईंना त्यांच्या खोलीत पाठव! ईरा, आजीच्या जवळ जाऊ नकोस! ईरा बाहेरून म्हणते, "आई, प्लीज, डोन्ट शाउट, यू आर स्केअरिंग मी." मग मी उशीत तोंड खुपसून रडले.

सगळ्यांच्या टेस्ट झाल्या. शिरीष पॉझिटिव्ह, पण नुसती सर्दी. ईरा आणि आई निगेटिव्ह. आईंना एसी सोसत नाही, त्या कायम स्वतःच्या खोलीत खिडकी उघडी टाकून बसायच्या आणि मी कायम त्यावरून कटकट करायचे. त्यामुळे वाचल्या की नशिबाने, देव जाणे. पण एक मात्र पक्कं. त्या हळदीकुंकवाला गेल्या असत्या तर त्या बंद खोलीत, त्या दहा उखाण्यांच्या मधोमध बसल्या असत्या. ज्या रीतीचा मला इतका संताप आला होता, तिनेच त्यांना घरी ठेवलं. या गोष्टीचं काय करायचं ते मला आजही कळत नाही. रीतीचे आभार तर मी मेले तरी मानणार नाही.

त्या दिवशी आलेल्या बहुतेक जणी आजारी पडल्या. माझा ऑक्सिजन उतरायला लागला आणि मला हॉस्पिटलात हलवलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना वर बघितलं. आई खिडकीत उभ्या होत्या, मास्क लावून. हात हलवत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. आता एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती: आजची टेस्ट निगेटिव्ह आहे, उद्याची कोण सांगणार? आणि लस घ्यायला या बाई तयार नाहीत.

पालथी

हॉस्पिटलात दिवस कसा जातो? पालथं झोपून. फुप्फुसांना बरं पडतं म्हणे. उताणं झालं की यंत्र ओरडतं, पालथं झालं की मान अवघडते. नाकात नळी, बोटाला चिमटा. जेवण यायचं, पण कशालाच चव नाही. वॉशरूमला जायचं तर आधी दम साठवायचा, आणि परत आल्यावर जणू गड चढून आल्यासारखं धापा टाकत पडायचं.

आणि लोकांचे फोन! एका मावशीने विचारलं, "तू तर नॅनोवाली, तुला कसा झाला?" माझा मॅनेजर तर थोर माणूस. "अनघा मॅडम, हाऊ आर यू, इन्शाल्ला बेटर? ते कठड्यांचे टेस्ट रिपोर्ट कुठल्या फोल्डरमध्ये आहेत?" मी पालथी पडल्या पडल्या फोल्डर सांगितला. काय करणार?

एक गोष्ट मात्र चांगली झाली. वॉर्डात एक सिस्टर होती, ग्रेसी. पांढऱ्या सूटमधून नुसते डोळे दिसायचे. पहिल्या दिवशी मी आपली इंग्लिशमध्ये तक्रार करत होते, तर सूटमधून आवाज आला, "बाई गं, किती बोलतेस! पालथी झोप बघू आधी." वसईची निघाली. त्या क्षणी मला जे बरं वाटलं ना, ते कुठल्या औषधाने वाटलं नसतं. माझी वेणीसुद्धा घातली तिने एकदा, दुहेरी हातमोजे घालून.

चिमूटभर

रोज संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल. शिरीष बरा होत होता, ईरा आजीच्या दारापाशी ताट ठेवून पळत होती. आईंची दुसरी टेस्टही निगेटिव्ह आली. मी ठरवलं, आज काय वाटेल ते होवो, यांना पटवायचंच.

"आई, ऐका. नॅनो हे वस्तूचं नाव नाही हो. मापाचं आहे. फार लहान, एवढाच अर्थ. आता 'चिमूटभर' म्हटलं, तर कळतं का, चिमटीत मीठ आहे की विष?"

"मग त्या लसीच्या चिमटीत काय आहे, ते सांग."

मला हुरूप आला. "लसीत विषाणू नसतोच. फक्त त्याची ओळख पटवणारा एक निरोप असतो, आणि तो शरीरात पोचेपर्यंत फुटू नये म्हणून चरबीच्या बारीकशा बुडबुड्यात..."

"चरबीच्या?"

झालं! जन्मात अंडं न खाल्लेल्या बाईला मी चरबी सांगितली. कर्म माझं. शिरीष मागून ओरडला, "अगं, तुपासारखं म्हण ना, तुपासारखं!"

"प्राण्याची नाही हो आई! कारखान्यात... बनवलेली. तो बुडबुडा... आत गेला की... विरघळतो... आणि मग..."

आणि मग माझा श्वासच पुरेना. वाक्य माझ्या तोंडात होतं, शब्द एकेक समोर दिसत होते, पण मागून हवाच येईना. यंत्र ओरडायला लागलं. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं शिकले, एवढी वर्षं हेच काम केलं, आणि ज्या एका बाईला पटायला हवं, तिला एक वाक्य पूर्ण करून सांगता येत नाही!

ग्रेसीने माझ्या हातातून फोन घेतला. "आजी, नमस्कार. ही आता बोलणार नाही. मी डिसेंबरातच टोचून घेतली, मला काही झालं नाही. ठेवते." आणि खरंच ठेवला. मला पालथी करून नळी सरळ केली आणि म्हणाली, "आता गप. अगदी गप."

मला वाटलं, संपलं. मी हरले. रात्रभर चरबी, चरबी, चरबी डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी शिरीषचा मेसेज आला. 'आई म्हणतायत, नाव नोंदव.' मी तो तीनदा वाचला आणि ग्रेसीला दाखवला. ती म्हणाली, "बघितलंस? मी पटवलं." मीही म्हटलं, असेल बाई, तूच पटवलंस.

आत, एकीलाच

घरी येऊन मी बरीच अशक्त होते. केस मूठमूठ गळायचे, जिना दिसला की रडू यायचं, काही वाचलं तर ओळ विसरायचे. हे तुम्हालाही होत असेल तर सांगते, हळूहळू जातं. चिडचिड मात्र माझी गेली नाही, पण ती आधीपासूनचीच होती. माधवीचा रडत फोन आला, की तिला किती अपराधी वाटतंय. मी म्हटलं, "उखाण्यांचा व्हिडिओ डिलीट कर, बाकी नंतर बघू."

आईंचा लसीचा दिवस येईपर्यंत घरातला क्वारंटाइन संपला होता. शिरीषने गाडी काढली. वाटेत वर्ल्ड कपच्या पाट्या, नवे रस्ते, क्रेन. मी मागे आईंशेजारी बसले होते, आणि धास्ती एकच, की या ऐन दारात 'नको' म्हणतील. म्हणून मी पुन्हा सुरू केलं. "आई, ती चरबी म्हणजे खरं तर..."

"पुरे," आई म्हणाल्या. "मला तुझं नॅनो कळलेलं नाही. कळायचंही नाही."

"मग तयार कशा झालात?"

त्या बाहेर बघत होत्या. "तू एवढी बडबडी. भांडायला लागलीस की मध्ये श्वासही घेत नाहीस. त्या दिवशी तुझं एक वाक्य पुरं होईना. मी म्हटलं, हे जर असं असतं, तर त्यापेक्षा सुई बरी."

मला बोलताच येईना, आणि या वेळी फुप्फुसांचा काही दोष नव्हता.

आत सोबतीला एकच माणूस सोडत होते. मी गेले. मोठा हॉल, लांब अंतरावर खुर्च्या. आईंनी बसण्याआधी पर्समधून ती लाल रिबनची बाटली काढली आणि खुर्चीच्या दांड्यांवर शांतपणे फवारा मारला. मी दातओठ खाल्ले. ज्या लेपावर माझी नोकरी चालते, तो मला तेव्हा डोळ्यांसमोर नको होता. पण म्हटलं, जाऊ दे. दंड पुढे करतायत ना, मग खुर्चीला काय मारायचं ते मारा.

सुई टोचली तेव्हा त्यांनी तोंडही वाकडं केलं नाही. नर्सला "शुक्रन" म्हणाल्या, अरबीतला आभाराचा तेवढा एक शब्द त्यांना येतो. मग वाट बघायच्या जागी आम्ही बसलो, काही त्रास होतोय का बघायला. मीच घड्याळाकडे बघत होते, त्या नव्हत्या.

निघताना दारात एक स्वयंसेवक मुलगी उभी होती. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एक छोटी पिशवी देत होती. पाण्याची बाटली, खजुराचं पाकीट, हात साफ करायची एक लहानशी बाटली. आमच्यापुढे एक म्हातारे अरब गृहस्थ होते, त्यांना दिली. त्यांच्यामागे एक फिलिपिनो बाई, तिला दिली. मग आईंकडे बघून ती म्हणाली, "थँक यू, आंटी," आणि पिशवी पुढे केली.

आईंनी हात पुढे केला नाही. त्यांनी खांद्यावरचा पदर पुढे घेतला, दोन्ही हातांवर पसरला आणि तिच्यासमोर धरला. मुलगी जरा गोंधळली, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने पिशवी अलगद पदरात ठेवली. आईंनी पदर मिटला, छातीशी धरला आणि चालायला लागल्या.

गाडीपर्यंत त्यांनी पदर सोडला नाही. दार उघडताना म्हणाल्या, "इथे कुणी विचारलं नाही गं, नवरा आहे का म्हणून."

"नाही आई," मी म्हटलं. "इथे फक्त वय विचारतात."